हरमल आणि आमचे देवधर सर

चार केमिस्ट एकत्र बसले की गप्पा हमखास लॅबच्या भानगडींवर येतात. आमच्या लखनौच्या लॅबमधल्या तर इतक्या साठल्यात की बायको म्हणते, "त्यांवरच पीएचडी केली असती तर लवकर आटपली असती."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा विषय हर्मलीन, हरमलच्या बियांतून निघणारं पिवळं द्रव्य. डोळे मिटले की चित्रं दाखवतं म्हणतात, पण आधी पोट ढवळून काढतं. एलएसडीसारखं नाव नाही बिचाऱ्याला. लखनौकडे मात्र दृष्ट काढायला याच बिया निखाऱ्यावर टाकतात.

बिया आणायला चौक नावाच्या जुन्या बाजारात गेलो. पाच किलो मागितल्या, तर जडीबुटी विकणारा पंसारी तराजू खाली ठेवून म्हणाला, "भैया, इतनी नज़र किसको लगी है?"

"मेरी पीएचडी को."

त्याने मूठभर वर घातल्या.

*

हर्मलीन दिलं की उंदीर थरथर कापायचे. आमचे म्हातारे अटेंडंट शुक्लाजी पिंजऱ्यापुढे उभे राहून म्हणाले, "नशा-वशा कुछ नहीं. साहब को देखकर हम भी ऐसे ही काँपते हैं."

साहब म्हणजे माझे गाइड, रत्नागिरीचे देवधर सर. झुपकेदार मिशी आणि एकच नियम: "लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही. जुने केमिस्ट चाखून बघायचे. आता त्यांच्या फोटोंना हार आहेत."

*

जूनमध्ये सर दोन दिवस आलेच नाहीत. मी आणि शुक्लाजी घरी गेलो, तर सर भिंत धरून चालत होते. "मलिहाबादचे दशहरी आंबे बाधले रे," म्हणाले.

काकू म्हणाल्या, "एकच तर खाल्ला."

मला वाईट वाटलं. कोकणी पोटाला हापूसच मानवणार.

*

इकडे माझी हर्मलीनची कुपी मधूनमधून हलकी व्हायची. पाच महिन्यांची मेहनत होती ती. सप्टेंबरात सर कडाडले, "सांडतोस तू. थीसिसच्या फॉर्मवर सही करणार नाही."

सही नाही तर गावी जाऊन वडिलांच्या दुकानात बसायचं.

"सांडलं नाही, सर."

"थांब, दाखवतोच."

हर्मलीन यूव्ही दिव्याखाली चमकतं. सरांनी भर दुपारी जाड पडदे ओढले, आम्हा दोघांना टेबलाशी उभं केलं आणि दिवा लावला.

टेबल काळंभोर. माझे हात काळे. शुक्लाजींचा झाडूही काळा.

सरांची मिशी मात्र निळी-हिरवी झगमगत होती. सर टेबलाकडे बघत होते, आम्ही मिशीकडे.

शुक्लाजींनी घसा खाकरला. "साहब, आम का मौसम तो कब का गया."

सरांनी पडदा उघडला, रुमालाने मिशी पुसली आणि माझ्याकडे पेन मागितलं.