गाण्याला इस्त्री

...तर ते कपड्यांचं पोतं आत्याच्या टेबलावर येऊन पडलं, इथवर आलो होतो आपण. गाण्याच्या शूटिंगचे कपडे होते ते. कपडेपट सांभाळणारी पोरगी ते आत्याच्या इस्त्रीच्या दुकानात ठेवायला आली, कारण गल्लीत धड कुलूप लागणारी जागा तेवढीच. जाता जाता म्हणाली, "मावशी, याला हात नका लावू हं. मुद्दाम चुरगळलेत."

मुद्दाम! आता वैद्याला जाऊन सांगावं, की आम्ही मुद्दाम ताप आणलाय, तर तो बिचारा काय करील? आत्याने सगळा जन्म सुरकुत्या मोडण्यात घालवला होता. गल्लीत तिला 'कडक' म्हणायचे. कॉलर कडक, जीभ त्याहून कडक. ओलं बोट इस्त्रीला लावायचं, चर्र आवाज झाला की कपड्यावर झडप. भावाचं पोर आईविना राहिलं, तेही हिनेच वाढवलं. रडायला लागलं की तीन घरं जागी व्हायची, म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. आता त्याच भोंग्याला दाढी आली होती, आणि एका कंपनीने त्याचं पहिलं गाणं कॅमेऱ्यावर घ्यायचं ठरवलं होतं. ते गाणं म्हणजे भरभर बोलायचं, दम न घेता, भांडणात बोलतात तसं.

आणि त्या गाण्यांची रीत ठरलेली असते बरं का. भिंत पडकी पाहिजे. पोरांनी डोक्यावर टोपडं ओढून कॅमेऱ्याकडे असं बघायचं, जसं त्यानेच यांची सायकल चोरलीय. आणि दारात एक म्हातारी हवीच, फाटक्या कपड्यातली, डोळे पुसणारी. गल्लीला हे काय ठाऊक! शूटिंग येणार म्हटल्यावर घरोघरी रंगाचे डबे आले, भिंती पिवळ्या-निळ्या झाल्या. दिग्दर्शकाने येऊन पाहिलं आणि मटकन पायरीवरच बसला.

त्याने आत्यालाच म्हातारी व्हायला सांगितलं होतं. "फक्त कपडे थोडे मळके घाला." आत्या म्हणाली, "मी इस्त्रीवाली आहे. माझ्या दारात मी अशी बसले, तर उद्या गिऱ्हाईक यायचं बंद होईल." मग दिग्दर्शकाने एक नटी आणायचं ठरवलं, आत्याच्याच पायरीवर बसून आत्या म्हणून रडायला.

तेही आत्याने चालवून घेतलं. पण संध्याकाळी भोंगा दुकानामागे गाण्याची तालीम करत होता, आणि तिच्या कानावर ओळ आली : मळक्या सदऱ्यात वाढलो मी, उपाशी गल्लीत वाढलो मी.

"उपाशी ठीक आहे," आत्या म्हणाली. "काही रात्री होतो आपण. पण मळका? कुणाचा रे सदरा मळका?"

"आत्या, अशा गाण्यात असंच म्हणतात."

"कुणी ठरवलं?"

"असंच असतं गं. नाहीतर लोकांना खरं वाटत नाही."

"म्हणजे तुझ्या अंगावरचा सदरा खोटा, आणि त्या पोत्यातला खरा?"

आत्याने आत जाऊन पोतं सोडलं, कपडे धुतले, खळ दिली. पँटींची गुडघ्यावरची भोकं, जी कुणीतरी कात्रीने मन लावून पाडली होती, ती तिने त्याहून मन लावून रफू केली. आणि मग इस्त्री.

सकाळी पोरं कपडे घालून बाहेर आली, तर काय बघायचं! बँकेत मुलाखतीला निघाल्यासारखी एकेक उभी. पँटीच्या घडीवर भाजी चिरावी. कपडेपटातली पोरगी तोंडावर हात धरून हसत होती. दिग्दर्शक मात्र लालेलाल.

"बाई, तुम्ही आमचं गाणं बुडवलंत!"

"बुडवलं कुठे? नुसतं पाणी शिंपडलं."

"चुरगळा!" तो पोरांवर ओरडला. "सगळं परत चुरगळा! जमत नसेल तर मी दुसरी गल्ली बघतो. गायकही दुसरा बघतो."

पोरांनी सदरे काढून मुठीत धरले खरे, पण समोर दारादारात त्यांच्या आया उभ्या होत्या. मुठी काही आवळेनात. तेवढ्यात ती रडायला आणलेली नटी पायरीवरून उठली. अंगावरची मळकी शाल काढून तिने आत्याच्या टेबलावर टाकली.

"अहो बाई, यावरही जरा हात फिरवा. दर गाण्यात मी चुरगळलेलीच असते. घरी नातू विचारतो, आजी, तुला कुणी चांगले कपडे देत नाही का?"

आत्याने शालीवर पाणी मारलं. भोंगा तिच्यापुढे येऊन उभा राहिला, घामाघूम. आजवर या पोराला तिने नाही म्हटलेलं नव्हतं. आता तो 'माझ्यासाठी एवढं कर' म्हणाला असता, तर तिचा हात थांबला असता, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून ती मान वर करेना.

भोंग्याने सदरा झटकून अंगात घातला. वरपर्यंत बटणं लावली. दिग्दर्शकाकडे वळून म्हणाला, "मी असाच गाणार. ती ओळ बदलतो." आणि मग हळूच आत्याला विचारलं, "पण आत्या, आपण गरीब होतो हे लोकांना कळणार कसं गं?"

आत्याने ओलं बोट इस्त्रीला लावलं. चर्र झालं. मग बोलली :

"तुझ्याकडे सदरा एकच होता. रोज रात्री धुवायचे, रोज सकाळी इस्त्री करायचे, आणि तो वाळेपर्यंत तू माझ्या ओढणीत गुंडाळून बसायचास. ते गा. ते ऐकून कुणाला कळलं नाही तर माझ्याकडे पाठव. आणि आता बाजूला हो, शाल जळेल."