टेबलातलं आत्याचं नाव

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट मी बनवली, तीही फुकटात, आणि वर बोलणीही मीच खाल्ली. गणपतीत गायचं असेल तर तिथे लॉगिन करूनच नाव नोंदवायचं, ही अक्कलही माझीच.

आत्याला गायचं होतं. काका गेल्यावर बाबांनी तिला गुरसरायच्या सासरहून आमच्याकडे आणलं, तेव्हापासून ती स्वयंपाकघरातसुद्धा गुणगुणत नव्हती. त्या दिवशी आपणहून म्हणाली, "मी म्हणू का गं एखादं भजन?" मला इतका आनंद झाला की विचारू नका. पण नोंदणी त्याच संध्याकाळी बंद होणार होती.

तिने नाव घातलं, पासवर्ड घातला. लॉगिन होईना.

"पासवर्ड चुकवला असशील," मी करवादले.

"मोबाइलवर आला तोच घातलाय." मग हळूच म्हणाली, "जाऊ दे. माझं काय अडलंय."

जाऊ कसं देणार? मी लॅपटॉप पुढे ओढला. क्वेरी साधी होती: सभासदांच्या टेबलात हे नाव आणि हा पासवर्ड, दोन्ही जुळणारी ओळ शोध. एकही ओळ आली नाही. पासवर्ड वगळून नुसत्या नावावर शोधलं, तरी नाही. शेवटी फोन नंबरवर शोधलं तेव्हा एक ओळ आली. नंबर आत्याचा, नाव भलतंच.

भलतंच कसलं, तिचं माहेरचं. लग्नात सासरच्यांनी तांदळात नवं नाव लिहून ते बदललं होतं. आमच्या घराची माहिती मंडळाला बाबांनी दिली होती, आणि बहिणीचं दुसरं नाव त्यांना सुचलंच नव्हतं.

"बाबा, कमाल करता तुम्ही. आधारवर काय आहे ते तरी बघायचं!"

ते खजील झाले. "बदलून टाक, बेटा."

मी दुरुस्तीची क्वेरी लिहिली. चालवणार तेवढ्यात आत्याने माझा हात धरला. "थांब. आहे त्यानेच उघडतंय का बघू." एकेक अक्षर शोधत तिने ते जुनं नाव टाइप केलं. पान उघडलं. तिने त्याच नावाने भजन नोंदवलं आणि मला टेबलाला हात लावू दिला नाही.

कार्यक्रमात निवेदकाने ते नाव पुकारलं. कोणीच उठेना.

बाबा तिच्याकडे वाकले. "ताई, तुलाच बोलावतायत."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "अजून एकदा हाक मारू दे त्याला."