लाल पट्ट्याचा धोटा

जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, रंगाचा डबा आणला. ब्रश नव्हता, काडीला चिंधी गुंडाळली होती. माझ्या हातातला धोटा त्यानं घेतला नाही. म्हणाला, "खाली ठेव." मी ठेवला. मग उकिडवं बसून त्यानं धोट्यावर लाल पट्टा ओढला. चांगला बोटभर रुंद. सगळं खातं बघत होतं. माग चालू ठेवून बघत होतं.

कुणीतरी ओरडलं, "घ्या! धोट्याला कुंकू लागलं. आता नवऱ्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय हं!"

हशा पिकला. मागांच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. हसणं बरोबर ऐकू येतं.

जॉबर उठला. "ह्यो तुझा. ह्यालाच तोंड लावायचं. पाळी सुटली की काढायचा आन् त्या कोनाड्यात ठेवायचा. फळीवर न्हाय. कळलं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. मागावरचा पहिला दिवस होता.

ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा म्हणजे लाकडी होडीसारखी वस्तू. तिच्या पोटात सुताची कांडी बसते, आणि ती होडी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताच्या, मधून इकडून तिकडं धावत कापड विणते. कांडी संपली की नवी घालायची. नव्या कांडीचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते हातानं निघत नाही. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास ओढायचा. सूत तोंडात येतं. दिवसभर हेच. एका धोट्याला दिवसा एकाचं तोंड, पाळी बदलली की दुसऱ्याचं. म्हणून विणायच्या खात्यात आमच्या लोकांना घेत नसत. झाडायला घेत, गठ्ठे वाहायला घेत. आमचं घर महारवाड्यातलं. आमच्या तोंडाला गेलेला धोटा दुसऱ्यानं तोंडात कसा घ्यायचा?

आता हे का लिहितोय. माझी नात पुण्याला कम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला आली तेव्हा सांगत होती, त्यांच्या कंपनीनं सगळ्यांना एका मोठ्या हॉटेलात नेलं आणि आपली मूल्यं कोणती, आपण एकमेकांशी रोज कसं वागायचं, ते बसून ठरवलं. भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या म्हणे. मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या काळात असलं काही नव्हतं ना?"

मी म्हणालो, "व्हतं की."

तिला वाटलं, म्हातारा फेकतोय. म्हणून लिहितो. माझी शाळा तिसरीत सुटली. अक्षर वेडंवाकडं आहे. पण हे माझ्याच हातानं लिहिणार. दुसऱ्याला सांगितलं तर तो गुळगुळीत करून टाकेल.

सत्तरनंतरची गोष्ट. सोलापुरात चादरींचा कारखाना. नाव सांगत नाही, तसले चिक्कार होते. मी आधी कचऱ्याच्या खोलीत होतो. उरलंसुरलं सूत झोडपायचं, पिंजायचं, पोती भरायची. खिडकी नाही. संध्याकाळी थुंकलं की थुंकीत सूत. बायको म्हणायची, "खोकून खोकून तुमच्या छातीतनं बी चादर निघंल." ती विड्या वळायची, तिलाही खोकला होता. दोघं आळीपाळीनं खोकायचो.

माग चालवायला मी जेवणाच्या सुट्टीत शिकलो. दुसऱ्याच्या मागं उभं राहून, बघून बघून. त्या साली चादरीला मागणी लई वाढली, विणकर मिळेनात. धाकट्या मालकानं मला बदलीवर मागावर घेतलं. चांगला माणूस म्हणायचे त्याला. मुंबईला शिकून आलेला, शर्ट पँटीत खोचणारा. कामगाराला अरेतुरे करायचा नाही. मलाही नाही.

त्यानंच एकदा सगळ्यांना अंगणात जमवलं. चहा दिला. म्हणाला, "हा कारखाना तुमचा आहे. इथं आपण एकमेकांशी कसं वागायचं ते तुम्हीच ठरवा. प्रत्येकानं एक गोष्ट सांगा. मी भिंतीवर रंगवून घेतो."

लोक लाजले. मग बोलायला लागले. एकजण म्हणाला वेळेवर यायचं. एकजण म्हणाला शिव्या द्यायच्या नाहीत, तर मागून आवाज आला, "मग जॉबर बोलंल काय?" जॉबरही हसला. माझा जोडीदार नरसय्या. मी सकाळी ज्या मागावर, तो दुपारनंतर त्याच मागावर. तो म्हणाला, "शेजारच्याचं सूत तुटलं तर आपण बांधायचं." मालकाला हे फार आवडलं. "वा, नरसय्या!"

माझी पाळी आली. मी उभा राहिलो. "धोटे समद्यांचे एकाच फळीवर ठेवायचे."

कुणी हसलं नाही. चहाच्या कपांचा आवाज तेवढा थांबला. मालकानं जरा विचार केला, आणि मऊ आवाजात म्हणाला, "ती कामाची गोष्ट झाली. मी तत्त्वाचं विचारतोय."

भिंतीवर निळ्या अक्षरांत आलं: आपण सारे एक कुटुंब. खाली एकमेकांना मदत, शिस्त, स्वच्छता, गोड बोलणे. पेंटरला मी शिडी धरली. खाली अजून एक ओळ मावली असती.

मग ते झालं. उन्हाळा होता. माझी पाळी सुटायच्या वेळेला लाईट गेली. खात्यात अंधार, माग मधेच थांबले. धोटा मागातच अडकलेला. मी बाहेर येऊन पाणी पीत बसलो. लाईट आली, भोंगा झाला, पाळी बदलली. मी उठेपर्यंत नरसय्या धावत आत गेला आणि त्यानं माग सुरू केला. कांडी संपली, त्यानं दुसरी घातली, तोंड लावलं, ओढलं. परत संपली, परत ओढलं. गडी मजेत विणत होता. चादर सरळ येत होती. त्याला काही चव लागली नव्हती, जीभ झडली नव्हती.

शेजारच्याला लाल पट्टा दिसला. तो किंचाळला. कुणाला विजेचा झटका बसला असं वाटून मीही आत पळालो. बघतो तर नरसय्या मोरीवर बसून चुळा भरत होता. भरतोय, थुंकतोय. डोळ्यांत पाणी. जॉबर माझ्या अंगावर आला. "बाटीवलंस त्येला! मुद्दाम ठेवलास धोटा!"

मालकानं माग बंद करवले. त्याच भिंतीखाली सगळ्यांना उभं केलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. खरंच ठेवला.

"हे बघा," मला म्हणाला, "घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं. नरसय्याच्या मनाला लागलंय. धाकट्यानं वाकलं तर घर राहतं. हात जोडा आणि चुकलं म्हणा. संपलं."

"कुणाचं चुकलं?"

"धोटा काढून ठेवायची जबाबदारी तुमची."

"लाईट गेली व्हती, मालक."

"मी कारणं विचारत नाही. उद्या सकाळपर्यंत विचार करा. माफी मागितलीत तर माग कायम तुमच्या नावावर. नाहीतर परत कचऱ्याच्या खोलीत. मला कुणाला काढायचं नाही."

घरी बायकोला सांगितलं. ती विडीला दोरा बांधत होती, मान वर केली नाही.

"मागा की माफी."

"कशाची?"

"कशाची का असंना. दोन हात जोडायचं. हात काय झिजत्यात? त्या खोलीत परत गेलात तर दोन वर्सं बी निघायची न्हाईत तुमची."

"आन् धोटा?"

"धोट्याचं काय?"

"त्यो ऱ्हाईल की लालच."

रागानं तिनं विडी इतकी आवळली की फाटली. दुसरी घेतली. मी म्हणालो असतो, तू म्हणतीस तसं करतो. तोंडात आलं होतं. पण मग मला दिसलं, की मी हात जोडले की माझी चूक पक्की झाली. आज चुकून लागलेला माझा धोटा हा गुन्हा, हे मीच मोठ्यानं म्हणणार. जॉबरनं रंग लाकडावर लावला होता. माफी मागितली की तो मी माझ्या हातानं मला लावणार.

सकाळी सगळ्यांच्या आधी आत गेलो. कोनाड्यातला धोटा काढला. सूत तोडायची कातर घेतली आणि लाल रंग खरवडला. सगळा. मग काचेच्या तुकड्यानं घासला, वर मागाचं काळं तेल चोळलं. फळीवर सगळ्यांचे धोटे रचलेले होते, तेही तेलानं काळे. माझा त्यात घातला. सगळे खालीवर केले. पुन्हा बघितलं तर मलाही माझा ओळखू येईना.

पाळी आली. पहिल्या गड्यानं फळीकडं हात नेला आणि कोनाड्याकडं बघितलं. कोनाडा रिकामा. त्याचा हात वरच राहिला.

"तुझा कुटं हाय रे?"

"फळीवर."

"कंचा?"

"बघा की कंचा त्ये."

एकही माग सुरू झाला नाही. विणायच्या खात्यात तसली शांतता मी कधी ऐकली नव्हती. सुताला हात लावून गडी उभे. जॉबरनं एकेक धोटा उजेडात धरून फिरवून बघितला, वास घेतला. वास! मला हसू आलं. कुणीतरी म्हणालं, मारा साल्याला. कुणी मारलं नाही. मारायला शिवावं लागतं.

मालक आला. गोड बोलणे संपलं होतं. "कुठला तुझा? दाखव."

"मला न्हाय म्हाईत. समदे कारखान्याचे हायत."

"माफी राहू दे. नुसता दाखव. माग देतो तुला. आत्ता देतो."

म्हणजे माफी नकोच होती त्याला. तेवढा एक धोटा वेगळा पाहिजे होता. तो मिळाला की मी माग चालवावा, जेवावं, कुटुंबात राहावं.

"न्हाय दावत," मी म्हणालो.

त्यानं माणूस रिक्षानं नव्या पेठेत पाठवला. साऱ्या खात्यासाठी नवे धोटे मागवले. चांगले, घासून गुळगुळीत झालेले, हाताला बसलेले जुने धोटे पोत्यात भरले आणि पोतं माझ्या पायाशी आपटलं. "चुलीत घाल. आणि परत दिसू नकोस."

तोवर मला वाटत होतं, मालक बरा आहे, त्याला नीट सांगितलं की कळेल. शिकलेला आहे. त्या पोत्याकडं बघून समजलं, त्याला आधीपासून सगळं कळत होतं. पोतं तिथंच सोडून मी निघालो.

फाटकापाशी नरसय्या मागून आला. इकडं तिकडं बघून म्हणाला, "माझ्या मनात काय नाय रे. खरं सांगतो. पण मला ह्या लोकात ऱ्हायचंय."

"मला बी ह्याच लोकात ऱ्हायचंय, नरसय्या."

तो परत गेला. भोंगा झाला होता.

त्या दिवशी मी घरी गेलो नाही. सरळ पुढच्या कारखान्याच्या फाटकावर गेलो. तिथून त्याच्या पुढच्या. सगळीकडं एकच सांगितलं. मी विणकर आहे. माझा धोटा फळीवर राहील. चालत नसेल तर आत्ताच बोला. कुणी हसलं. कुणी कुत्रं हाकलावं तसं हाकललं. कचऱ्याच्या खोलीत जागा आहे, असं बरेच म्हणाले. बायकोनं किती दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं चुकलं म्हणत नाही. विड्यांवर घर तिनं चालवलं. पण मी त्या खोलीत पाय ठेवला नाही.

एका फाटकावर वॉचमन जरा सज्जन होता. माझ्याच वयाचा. माझं सगळं ऐकून घेतलं, विडी दिली, आणि म्हणाला, "अरं बाबा, हट्ट कशाला? आदी आत तर ये. धोट्याचं मग बगू."

मी विडी परत दिली.

"न्हाय. आदी धोट्याचं बगू. मग आत येतो."