आत्याबाईंचा लाल दोरा आणि कॅरव्हॅनचा हुक

दिवाळीनंतर रस्ते मोकळे मिळतील असं धरून शेखर आणि मी निघालो. मिळाले नाहीत, उसाचा हंगाम सुरू झाला होता. बेत साधा होता. पुण्याहून बार्शीमार्गे येरमाळा, तिथे शेखरच्या आत्याबाईंकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी धाराशिववरून नळदुर्गचा किल्ला. जीपमागे ओढायची छोटी कॅरव्हॅन आम्ही याच वर्षी घेतली.

असं जायचं असेल तर टोलनाक्यावर वेळ हाताशी ठेवा. कॅरव्हॅनला कोणत्या वर्गात धरायचं यावर दर वेळी चर्चा होते, आणि पैसे दर वेळी वेगळे पडतात. बार्शीपुढे रस्ता बरा आहे, पण ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. त्यांना ओलांडायची घाई करू नये.

आमची कामं वाटलेली आहेत. हुक शेखर जोडतो, तपासते मी. जीपच्या मागे लोखंडी गोळा असतो. त्यावर कॅरव्हॅनचं तोंड बसतं, खटका खाली पडतो, खटक्यात पिन जाते. सगळं बसल्यासारखं दिसतं, म्हणून दिसण्यावर जायचं नाही. कॅरव्हॅनच्या पुढच्या छोट्या चाकाचा दांडा फिरवून तोंड वर उचलायचं. पकड बसली असेल तर जीपचा मागचा भागही सोबत उचलला जातो. नसेल तर तोंड एकटंच वर येतं.

येरमाळ्यात आत्याबाईंचं घर शेतातच आहे. आम्ही कॅरव्हॅन सोडवून कडब्याच्या गंजीशेजारी लावली. आत्याबाईंनी आत डोकावून पाहिलं.

"संडास बी हितंच? आन् सैपाक?"

"शेजारीच, आत्याबाई."

"मग तुमीच जेवा त्याच्यात. म्या घरात वाढते."

घरात हुलग्याची शेंगोळी होती, ज्वारीची भाकरी होती, वर शेंगदाण्याची चटणी. त्यापुढे आमचा गॅस पेटवायचं कारण उरलं नाही.

सकाळी आत्याबाईंनी नव्या गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. जीपच्या गोळ्याला हळदकुंकू लावलं आणि त्याच्या मानेभोवती लाल दोऱ्याचे बरेच वेढे घातले. मग शेखरने जीप मागे घेऊन कॅरव्हॅन जोडली. खटका पडला. पिन गेली, जरा दाबून.

धाराशिवपर्यंत आत्याबाईंचा मुलगा दत्ता आमच्या मागून मोटरसायकलवर येणार होता. मागे त्याची बायको, पुढे टाकीवर चार वर्षांची मुलगी परी. "वहिनी, तुमच्या आडोशानं जातो, वारं लागत न्हाय," तो म्हणाला.

मी दांडा फिरवला. तोंड वर आलं. जीप होती तिथेच.

शेखर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सुताचा दोरा आहे. रस्त्यात दाबला जाईल. आत्या मनाला लावून घेईल."

"मागे परी आहे," मी म्हणाले.

मी आत्याबाईंकडे गेले आणि दोरा काढावा लागेल असं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"देवीच्या नावानं बांधलाय. असा सोडतेत व्हय कुनी? आमच्या ट्रॅक्टरला दर हंगामाला बांधते म्या. काय झालं न्हाय कधी."

"ट्रॅक्टरला कुठं बांधता?"

"ट्रॉलीच्या पिनीवर. हिसक्यानं वर येऊ नये म्हणून."

"मग इथंही पिनीवर बांधा. गोळ्यावर बांधला की पकडच बसत नाही."

त्यांनी मला दांडा पुन्हा फिरवायला लावला. तोंड उचललं, जीप हलली नाही. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी दत्ताच्या मोटरसायकलकडे बघितलं.

"परे, उतर खाली," त्या म्हणाल्या. आणि मला, "ह्याला पिन हाय, हे सांगायचं न्हाय का आधी? मला आपलं ते गोल बोंडुक दिसलं."

शेखर कात्री आणायला निघाला तर आत्याबाई त्याच्यावर ओरडल्या. वेढे त्यांनी स्वतः सोडवले. शेखरने गोळा पुसला, कॅरव्हॅन पुन्हा जोडली. या वेळी दांडा फिरवला तसा जीपचा मागचा भाग वर आला. आत्याबाईंनी पिनीवर दोरा बांधला, गाठ मारली, ओढून पाहिली.

"बस आता, परे."

धाराशिवपर्यंत आरशात मोटरसायकल दिसत राहिली. बसस्टँडजवळ दत्ताने हात केला आणि वळला.

नळदुर्गला दुपारी पोहोचलो. किल्ला मोठा आहे, पाणी सोबत घ्या. बंधाऱ्याच्या भिंतीतल्या पाणीमहालावरून पाणी पडताना बघायचं असेल तर पावसाळ्यात जा; आम्हाला कोरडी भिंत दिसली. आतल्या पायऱ्या गार होत्या. तिथे बराच वेळ बसलो.

कॅरव्हॅन सोडवताना दोरा सोडावा लागतो, जोडून झाली की पुन्हा बांधावा लागतो. नळदुर्गला बांधला, परतीच्या मुक्कामी बांधला. आता तो ग्रीसने काळा पडलाय, लाल फक्त गाठीपाशी उरलाय.

मागच्या रविवारी पानशेतला निघालो. शेखर देवळाच्या बाहेरच थांबणारा माणूस आहे. मी दांडा फिरवला, जीप उचलली गेली, जोडाच्या साखळ्या आणि मागचे दिवे बघून मी येऊन बसले. त्याने किल्लीला हात लावला आणि थांबला.

"दोरा?"

मी उतरले आणि बांधून आले.