सोनोएचा हात थांबेना

मियाकोनोजो शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात सोनोए कुवाहाताने एकतीस वर्षं काढली. सहाशे मुलांचं जेवण बाराच्या ठोक्याला वर्गात पोचलं पाहिजे म्हणजे पोचलंच पाहिजे. त्यामुळे बाई हाताने चपळ आणि तोंडानेही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं हिच्या तोंडून बाहेर.

पंचेचाळिशीत ती धनुर्विद्या शिकू लागली. नेम चांगला, तीन परीक्षा सहज पार पडल्या. चौथीची तयारी चालली असताना, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिला एक दुखणं जडलं. दोरी पुरती ताणून बाण गालाला टेकला की पाच-सहा अंक मोजण्याइतकं थांबायचं असतं. तिचा हात थांबेना. बाण गालाशी यायच्या आतच सुटून जाई. तिथले धनुर्धर या दुखण्याला ‘घाई’ म्हणतात आणि त्याबद्दल हळू आवाजात बोलतात, जणू आपल्यालाही लागेल.

“पण नेम लागतोय ना, बाई?” तिने नागातोमोबाईंना विचारलं. बाई ऐंशीच्या पुढच्या, अजून रोज शिकवायला यायच्या.

“लागतोय, म्हणून तर हे दुखणं जाईना. समोर नेमाची चकती दिसली की तुझं मन तिकडे पळतं. हात बिचारा मागे एकटा. तो तरी काय करील?”

बाईंनी तिला चकतीकडे पाठ करायला लावली आणि दोन पावलांवरच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यासमोर उभं केलं. धनुष्य ताणायचं, थांबायचं, पुन्हा सैल करायचं. बाण सोडायचाच नाही.

उन्हाळा त्यात गेला. सरावाला येणारा हिदाका जाता-येता टोमणा मारी, “सोनोएताई, गठ्ठा शरण आला की नाही?”

“तू आधी आपले बाण वेचून आण,” ती म्हणे. पण घरी जाताना सायकलवर तिला रडू येई. गठ्ठ्यासमोरही बोटं दोरी सोडायला शिवशिवत.

घरी नवरा तोकुजी. सुतार होता. आदल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, त्यातून वाचला. पण शब्द एकेक करून, अडखळत येत. त्याचं वाक्य सोनोए पुरं करी. तो मान डोलावी, तिला वाटे आपलं बरोबर.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी जेवताना तो म्हणाला, “उद्या... मला...”

‘डॉक्टरकडे जायचंय’ हे तिच्या ओठांवर आलंच होतं. एवढ्यात तिला छातीत ती ओळखीची उसळी जाणवली. बाण सुटायच्या आधी येते, तीच. तिने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. श्वास सोडला. थांबली.

तोकुजीच्या कपाळावर घाम आला. “उद्या... मला... तुझे बाण... बघायचेत.”

ती म्हणाली, “डॉक्टरकडे नाही?”

“तू... नेहमी... दुसरंच सांगतेस.”

“मग बोलला का नाहीत?”

“कधी... बोलू?” तो म्हणाला आणि हसला. ती हसली नाही. वर्षभराच्या त्या डोलावलेल्या माना तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तोकुजीला सरावाला सोबत नेऊन तिने ते सगळं नागातोमोबाईंना सांगितलं. बाईंनी तोकुजीला बसायला जाड गादी दिली आणि सोनोएला म्हणाल्या, “आज चकतीसमोर.”

पहिला बाण गालाशी यायच्या आत निसटला. दुसरा ताणताना ती उसळी पुन्हा आली. सोनोएने तिला येऊ दिलं, जाऊ दिलं. चार अंक झाले असतील, बाण सुटला आणि चकतीच्या वीतभर डावीकडे वाळूत रुतला.

“हुकला,” हिदाका म्हणाला.

“हो,” सोनोए म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

मेमधल्या परीक्षेत ती नापास झाली, पुढच्या शरद ऋतूत पास. घाई पूर्ण गेली असं ती म्हणत नाही. सोमवारी तोकुजी सरावाला येतो. परतताना तो पुलावर एखादं वाक्य सुरू करतो. सोनोए कठड्याला सायकल टेकवून उभी राहते, आणि ते वाक्य कुठे जातंय हे तिला खरंच माहीत नसतं.