सोडलेला भात

देवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करते. पेणला रामवाडीजवळ आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे आणि त्यात आखणी माझ्याकडे असायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. डोळे चुकले तर मूर्ती मातीच राहते, म्हणून हे काम कुणाच्याही हातात देत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला शिकवलं आणि पुढे पंचवीस वर्षं माझी रेघ हलली नाही. त्याचा गर्वही होता, खोटं कशाला बोलू? मग तोच हात थरथरायला लागला. इतके डोळे काढले, पण त्यातला एकही माझ्याकडे बघत नाही, असं मनात यायचं.

हातामागून पाय गेले. चालताना तोल जायचा, जीभ जड व्हायची. मोठ्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय काढला, त्यात काही निघालं नाही. एकाने कंपाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने मनावर ताण आहे म्हणून सांगितलं. पोट मात्र ठणठणीत होतं, त्यामुळे खाण्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

शेवटी माहेरच्या देवाला, रोह्याच्या धावीर महाराजांना नवस बोलले. हात थांबेपर्यंत भात खाणार नाही. आम्हा भातखाऊ माणसांनी याहून मोठं काय सोडायचं? आमची भाकरीही तांदळाचीच, म्हणून तीही गेली. दोन्ही वेळा चपाती, सकाळी चहाबरोबर पाव, आणि दर सोमवारी रोह्याला जाऊन शिऱ्याचा नैवेद्य. वर्षभर एक शीत तोंडात घातलं नाही. तरी दुखणं वाढतच गेलं. माझीच श्रद्धा कमी पडते असं वाटून मी आणखी हट्टाला पेटले. घरचे समजावून थकले.

अशाच एका सोमवारी देवळातून परतताना कुंडलिका नदीकडे जाणाऱ्या गल्लीत मी पडले. उठायला गेले तर पाय ऐकेनात, बोलायला गेले तर शब्द घरंगळले. दोन माणसं थांबली. एक दुसऱ्याला म्हणाला, "सकाळीच टाकून आलीय वाटतं." आणि दोघं निघून गेले. मी देवाच्या प्रसादाचा डबा छातीशी धरून रस्त्यात बसले होते. त्या क्षणी मरण आलं असतं तरी चाललं असतं.

समोरच्या घरातून एक म्हाताऱ्या बाई आल्या. "काय गो, लागलं काय? ऊठ, माझा खांदा धर," म्हणाल्या आणि मला आत नेऊन बसवलं. त्या बेने इस्रायली, म्हणजे आपली मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या. त्यांचे बहुतेक नातेवाईक केव्हाच इस्रायलला गेलेले, रोह्यात त्या एकट्याच राहिलेल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे नातीला मूल झालं म्हणून मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळांच्या फोडी. त्यांच्या नबीच्या, म्हणजे प्रेषिताच्या नावाने प्रार्थना झालेली. त्यांनी वाटी पुढे केली.

मी मान हलवली. "आजी, नवस हाय. तांदूळ सोडलाय."

"मग खातेस काय?"

"चपाती. नायतर पाव. सोमवारी देवाचा शिरा."

त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. कधीपासून, पाय कसे पडतात, जीभ कधी अडखळते, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालेलं, तिकडे गेल्यावर. पोटात काय नाय, पन चालता येईना. तिथल्या डाक्टरांनी गहू बंद करायला लावला. तुझं तेच हाय असं मी नाय म्हणत. पन डाक्टरला इचार. आणि रक्त तपासल्याबिगर गहू सोडू नको हां, मग तपासात काय दिसायचं नाय, बहीण सांगायची."

वाटी अजून पुढेच होती. लहानपणापासून शिकलेलं, नवस मोडू नये आणि प्रसादाला नाही म्हणू नये. दोन्ही एकदम कसं पाळायचं? मी हात पुढे केला, तो इतका हलत होता की आजींनी दुसऱ्या हाताने तो धरला आणि तळव्यावर मलिदा ठेवला. वर्षाने तांदळाची चव लागली आणि मला रडू फुटलं. परतताना गाडीत सारखं वाटत होतं, नवस मोडला, आता देव बघून घेईल.

रक्त तपासलं, मग आतड्याचा तुकडाही. गव्हातलं ग्लुटेन माझ्या शरीराला चालत नव्हतं आणि त्याचा मारा पोटावर न होता मेंदूच्या मागच्या भागावर होत होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी नुकसान बहुधा थांबेल. गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही." आजार नवसाच्या आधीचाच होता, पण तो मीच देवाच्या नावाने पोसला. हे पचवायला मला फार दिवस लागले. मग ध्यानात आलं, भात सोड असं देवाने कुठे सांगितलं होतं? मीच ठरवलं, मीच अट घातली आणि मीच रुसून बसले.

गहू सोडला. आता चालते, बोलणं सुधारलंय. आजींना भेटून पाया पडायला वाकले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या कसल्या पाया पडतेस?" मी तरी पडलेच. हात मात्र परत आला नाही. यंदा ब्रश धरून पाहिला, रेघ वाकडी गेली. ती पुसली आणि ब्रश जावेच्या हाती दिला. तिने डोळे काढले तेव्हा मी बाजूला बसून होते. पंचवीस वर्षांत मी मूर्तीला कधी थांबून नमस्कार केला नव्हता, एक झाली की पुढची ओढायची. त्या दिवशी केला. काहीच मागितलं नाही. जोडलेले हात एकमेकांच्या आधाराने बऱ्यापैकी स्थिर राहतात.