सारवलेल्या भिंतींचा फोटो

देवगाव फाट्यावर आटो लावून बसलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी इचारतेत, किती घेणार आन कवा निघणार. म्हणून एक शिकलेली म्याडम येऊन "दादा, तुमची वस्ती पुरात बुडाली होती ना?" असं म्हणली, तवा मी आधी मागं वळून बघितलं. म्हन्लं दुसऱ्या कुणाला इचारत आसल.

बुडाली होती तर. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या वळणात. त्या साली ओढा घरात शिरला आन पावण्यासारखा मुक्काम करून गेला. जाताना पीठ, शेरडं, आंथरूण-पांघरूण, जे हाताला लागलं ते घेऊन गेला. माझा आटो तेवढा वाचला. मी आटो घेऊन आधीच फाट्यावर पळालो होतो, घरचे नंतर आठवले. बायको आजून आठवण करून देती.

पूर वसरल्यावर बोलणी सुरू झाली की गावाच्या वर गायरानात, उंचावर, आमाला घरं बांधायला जागा द्यायची. आमाला तेवढंच पायजे होतं. आभाळ भरून आलं की लेकरं बाजंवर चढवून बसायचं आन दाराकडं बघत ऱ्हायचं, हे बंद व्हावं. दुसरं कायबी मागणं न्हवतं.

म्याडम त्याच कामाला आलती. कुठलं घर किती पडलं आन आता किती सावरलं, हे फोटोवरनं बघायचं. तिनं मला समजून सांगितलं. वरनं उपग्रह छपरांचा फोटो काढतो, खालनं आपण भिंतींचा काढायचा. दोन्ही जुळवून नकाशा करायचा. लाल म्हणजे पडलेलं, पिवळं म्हणजे अर्धवट, हिरवं म्हणजे सावरलेलं. लाल घरांना गायरानात आधी जागा.

"उपग्रहाला आमची वस्ती दिसती व्हय?" मी म्हन्लं. "तालुक्याला तर दिसत न्हाई."

तिची जीप आमच्या बोळीत शिरत न्हवती, म्हणून माझा आटो. टपावर दांडा उभा केला आन त्याच्या टोकाला नारळायेवढा गोल कॅमेरा बसवला. चारी बाजूंनी एकदाच फोटो निघतो म्हणली. मला येवढंच कळलं की आपल्या वस्तीचा फोटो निघणार आन साऱ्या दुनियेला दिसणार. मग गप बसल तर मी कसला? घरोघर फोन लावले. "उद्या फोटो हाय! वस्ती झाडून ठिवा. कपडे चांगले घाला. फाट्यावर तोंड दाखवायला जागा ऱ्हाऊ द्या."

आता आमच्याकडं पावणा येणार म्हन्लं की बाई आधी शेणाचा पो हातात घेती. घर पडकं आसूद्या, पर सारवलेलं पायजे. बायांनी भिंतींच्या भेगा मातीनं बुजवल्या, वरनं सारवलं, दारात सडा टाकला, रांगोळ्या काढल्या. लग्नातली लुगडी न्हेसून समद्या आपापल्या भिंतीला पाठ लावून उभ्या. जिथं भेग मोठी, तिथं अख्खं खटलं उभं. छपरावर मदतीत आलेले कोरे पत्रे, तारेनं बांधलेले, उडू न्हाई म्हणून वर दगडं. मी वाजतगाजत आटो चालवला. हॉर्नबी दिला. म्याडम म्हणली, "हॉर्नची गरज नाही दादा, हे फोटो आहेत." मी म्हन्लं, "ऱ्हाऊ द्या, लोक हसतील तरी."

लोक हसले. तिथंच वाटुळं झालं.

पुढं पंचायतीत बैठक झाली. पांढऱ्या चादरीवर नकाशा दाखवला. तालुक्याचे साहेब आलते. आमची वस्ती चादरीवर हिरवीगार. साहेब म्हणले, "खालच्या वस्तीचं कौतुक केलं पाहिजे. सगळ्यात लवकर सावरली."

मी टाळ्या वाजवल्या. एकटा मीच न्हाई, पर पैला मी. लय जोरात वाजवल्या. बायकोनं माझा हात धरला आन हळूच म्हणली, "आवं, हिरव्याला जागा न्हाई. कशापायी वाजवायलाव?"

टाळी तिथंच हातात मेली.

म्याडमनं फोटो दाखवले. वरनं कोरे पत्रे, चकाचक. खालनं सारवलेल्या भिंती, रांगोळ्या, आन पुढं उभी माणसं. माणसांचे चेहरे मशीननंच पुसून टाकलेले, कुणाची वळख पटू न्हाई म्हणून तसा कायदा हाय म्हणली. निस्ती लुगडी उभी. जरीच्या शालूतली एक बाई बघून मी म्हन्लं, "ही कुणाची पावणी?"

"तुमची," बायको म्हणली.

घरी आलो. मग समदेच एकदम बोलले. एकजण म्हणला, "पूर बरा होता, त्यानं घर तरी पाडलं. ह्यानं फोन करून बांधून दिलं!" मी मान खाली घातली. आता खाली मान घालून ऱ्हायचं तर डोकं चालतं आन माझं डोकं चाललं की गावाला धोका. म्याडम जायच्या आधी परत एक चक्कर मारू म्हणलती. मी म्हन्लं, "सोपं हाय. ओढ्याचा गाळ आणू, भिंतींना फासू. दोन-चार पत्रे वाकवू. आन लेकरांना सांगू, रडा."

बायको चुलीपसून उठली. तिच्या हातात उलथनं होतं, पर तिनं ते खाली ठिवलं, म्हणून मला जास्तीच भेव वाटलं.

"गाळ मी काढला," ती म्हणली. "घमेल्या घमेल्यानं काढला, कंबर मोडस्तोवर. तुमी तवा आटोच्या काचा पुसत होतात. माझ्या भिंतीला परत गाळ लावणारा आजून जन्मला न्हाई. आमी सारवून ऱ्हातो म्हणून पानी आलंच न्हवतं का? घाण दिसंल त्यालाच जागा, आसं असंल तर त्यो न्याय त्यांना लखलाभ. पर मी जागाबी घेणार आन भिंतबी सारवणार."

माझी चुलती दारात बसलती. अंगानं येवढीशी, लेकरायेवढी. ती म्हणली, "पानी आलंच न्हवतं म्हणतेत व्हय त्ये? आगं, हितवर आलतं की!" आन उठून तिनं हात वर केला. तिच्या डोक्याच्या लय वर. भिंतीवर पुराची वल सारवणातनंबी परत वर आली होती, काळपट पट्टी. तिचा हात तिथवर पोचत न्हवता.

बायको तिच्याकडं बघत ऱ्हायली. म्हणली, "काकी, तसाच हात धरायचा. आन बाजंवर चढून धरायचा."

दुसऱ्या चक्करच्या दिवशी कुणी लुगडं बदललं न्हाई. रोजचेच कपडे. भिंती मात्र सारवलेल्या, सडा टाकलेला. तेवढ्यात बायको कुणाचं ऐकणार न्हवती. आन भेगांच्या पुढं कुणी उभं न्हाई. समदे बाजूला, एक एक हात वर, पंजा भिंतीवर, बरोबर जिथवर पानी चढलं होतं तिथं. कुणाचा हात छातीच्या वर, कुणाचा कपाळाच्या वर. जसा ओढ्याकडं उतार, तसे हात वर वर जात होते. चुलती बाजंवर उभी, तरी टाचा उचललेल्या. कुणी हसलं न्हाई, कुणी रडलं न्हाई.

माझ्या घरापुढं आल्यावर मला वाटलं आपुनबी उभं ऱ्हावं. आटो थांबवून पळत गेलो, हात वर केला. पोचंना. उडी मारली. बायको पालथ्या घमेल्यावर चढून पट्टीवर पंजा ठिवून उभी होती, तिनं मान न वळवताच सांगितलं, "जावा, आटोत बसा. आपली उंची साऱ्या दुनियेला दाखवू नका." म्याडम मागं तोंडावर वढणी धरून बसलती. हसायली का दुसरं काय, मला दिसलं न्हाई.

परत बैठक, परत चादर. ह्या खेपेलाबी माणसांचे चेहरे तसेच पुसलेले, पर हात कोण पुसणार? अख्ख्या बोळीत हातच हात. आन हातांच्या शेजारी भेगा, सारवण फाडून बाहेर आलेल्या.

साहेब म्हणले, "हे काय? घोषणा देताय का?"

बायको उठली. "घोषणा न्हाई साहेब. पानी हाय."

"पण घरं तर नीटनेटकी दिसतात."

"नीटनेटकं ऱ्हायलं की दंड हाय का? आमी बुडालो तवाबी भांडी घासूनच बुडालो."

मी टाळी वाजवणार होतो. पर ह्या बारीला आधी बायकोकडं बघितलं. तिनं डोळ्यानंच न्हाई म्हन्लं, मग हात मांडीखाली दाबून बसलो.

आमचा रंग हिरव्याचा पिवळा झाला. लाल न्हाई. साहेब म्हणले, पिवळ्याचा इचार नंतर करू, आधी लाल. बायको म्हणली, "मग येऊन बघा की. उपग्रह येवढ्या वरनं बघतो, तुमी तालुक्यावरनं या." समदी वस्ती उठून उभी ऱ्हायली. साहेबांना व्हय म्हणावं लागलं.

आले. मीच आणलं त्यांना, माझ्याच आटोत, जीप बोळीत शिरत न्हवती ना. बायकोनं चहा दिला, सारवलेल्या वट्ट्यावर बसवलं आन मग म्हणली, "साहेब, जरा भिंतीला टेकून उभे ऱ्हा." साहेब माझ्यापरीस उंच. उभे ऱ्हायले. पट्टी त्यांच्या डोक्याच्या वर होती. त्यांनी मान वर करून बघितलं आन मग दाराकडं बघितलं, जसं आमी बघतो तसं. आतनं लेकरू खोकत होतं. साहेब हिरवं बोलले न्हाईत, पिवळं बोलले न्हाईत. म्हणले, "गायरानाची मोजणी लावतो."

लावतो म्हणले. आजून लावली न्हाई. आमी सोमवारच्या सोमवार तालुक्याला जातो, आटो भरून, आन साहेबाच्या दारापुढं उभं ऱ्हातो, हात वर करून. शिपाई म्हणतो, खाली करा, बसा. चुलती म्हणती, "पानी खाली गेलं की करीन."

आन घरी भिंती सारवतोच. बायको पार छपरापसून सारवत येती आन ओलीच्या पट्टीपशी आली की हात थांबवती. तेवढी पट्टी कोरी सोडती आन खाली परत सुरू करती. आता साऱ्या वस्तीत तसंच सारवतेत. परवा मी चुकून त्या पट्टीवर बोळा फिरवला, तर बायकोनं तो पाण्यानं धुवून काढायला लावला. धुतला. पट्टी परत दिसायली.